टंच

लेंगऱ्यात बाप्ये सणापुरते दिसतात.
बाकी वर्षभर कोइमतूर, कटक, लुधियाना,
कुठल्यातरी पेढीमागच्या खोलीत भट्टी पेटवून
लोकांच्या मोडीतलं सोनं वेगळं करत बसलेले.
म्हणून दार बायका उघडतात,
आणि मला बायकाच हव्या असतात,
पंधरा ते एकोणपन्नास,
शिवाय पाचाच्या आतली पोरं.

सारिकाच्या घराला ग्रॅनाइटची पायरी.
तीन मजले, राहणारी माणसं तीन:
ती, सासू, पोरगी.
पंखा? हो. फ्रिज? हो. दुचाकी? हो.
टॅबलेटच्या हिशोबात घर सगळ्यात वर गेलं.
सारिका म्हणाली, "फ्रिज बंदच असतोय.
एवढ्याशा भाजीला कशाला चालू करायचा?"
ह्याला वेगळा रकाना नाही.

ईश्वरी, बावीस महिने.
दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं मोजायचं.
मी डोकं धरलं, आईनं गुडघे दाबले,
पोरगी फळीवर अशी ताठली
की दोनदा मोजलं ते दोनदा वेगळं आलं.
दंडाची पट्टी हिरव्यात थांबली,
पिवळ्याला खेटून.
सासू म्हणाली, "ह्येचा बाप बी असाच किरकोळ व्हता."

मग सारिकाचं बोट.
पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा.
यंत्र थांबून राहिलं तेवढ्यात ती म्हणाली,
"आमच्या ह्यांचं बी असंच असतंय.
कसाला घासायचं, तेजाबचा थेंब सोडायचा,
आन् रंग बघत बसायचं.
माझं टंच किती आलं?"

आठ पूर्णांक चार.

"कितीतलं?"
बारा तरी असावं लागतं, म्हटलं.
तिनं डोळे मिटून भागाकार केला.
"म्हंजे सत्तर टक्के.
असलं सोनं बँक तरी ठिवून घील का?"
आणि हसली.
मीही हसले. हसायचं नसतं खरं तर,
चेहरा कोरा ठेवा असं चार दिवस शिकवलंय.
गोळ्यांची चिठ्ठी दिली, ती तिनं
मिक्सरखाली सरकवली.

जन्मलेली, रडलेली, आणि मग गेलेली मुलं?

सासू उठून आत गेली.
नळ सोडल्याचा आवाज आला, भांड्याचा आला नाही.
"एक. हिच्या आधीचं."
नाव?
"बारशाच्या सकाळीच गेलं.
घुगऱ्या शिजून तयार होत्या."

वय दिवसांत लिहायचं असतं,
पुरे झालेले दिवस तेवढेच.
बारावा पुरा झाला नव्हता,
म्हणून दोन चौकोनांत एक आणि एक.
नावाच्या जागी 'बाळ' भरायची सोय आहे,
त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

पान उघडलं.
पुढचा प्रश्न हात कुठे धुता असा होता.

उंबऱ्याशी शेजारच्या गजराबाई
केव्हाच्या येऊन बसलेल्या.
"माझं बी कर की."
वय किती?
"भात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया व्हते,
पोटात थोरला. धर त्यावरनं."
मावशी, एकोणपन्नासच्या वर नाही मोजत.
"मग आमाला कशात धरत्यात?"

उत्तरांची यादी मी मनात वरपासून खालपर्यंत चाळली.
'माहीत नाही' हा पर्याय असतो,
पण तो त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नाही.

त्या चपला काढून काट्यावर चढल्या.
मग उतरल्या, कमरेची चंची सोडली,
अडकित्ता बाजूला ठेवला,
"ह्येचं वजन माझ्यात नको,"
आणि पुन्हा चढल्या.
सदतीस किलो आठशे.
"लिही," म्हणाल्या.

टॅबलेटमध्ये जागा नव्हती.
पेनानं तळहातावर लिहिलं,
त्यांनी वाकून बघितलं, वाचता येत नसतानाही,
बराच वेळ.

विट्याच्या गाडीत दांड्याला धरून उभी होते.
घामानं आधी आठशे गेले.
सदतीस घरापर्यंत टिकलं.